कड्याखालचा वानर आणि टिटवीची पाळी

एका जंगलात एक कडा होता. त्याच्याकडे तोंड करून ओरडलं, की आवाज आपटून जंगलभर जायचा. पण सगळे एकदम ओरडायचे आणि कोणाचं कोणाला कळायचं नाही. हसू नका, बाळांनो. तुमच्या घरीही तेच चालतं.

सिंहमहाराजांनी मुंगूसपंतांना बोलावलं.

पंत म्हणाले, "महाराज, एका वेळी एकानंच बोलावं. ज्याचा आवाज सर्वांत खणखणीत, त्यालाच पाळी द्यावी. कमी वेळात जास्तीत जास्त बोलणं होईल."

"आणि घशासाठी आपण मध वाटतो, तो?"

"तोही त्यालाच. बसक्या घशाला मध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!"

महाराज खूश. एखादी म्हण कळली, की त्यांना सगळंच कळल्यासारखं वाटायचं.

अगदी कड्याखाली हुप्प्या वानर राहायचा, म्हणून त्याचाच आवाज सर्वांत खणखणीत घुमायचा. पाळी त्याला, मधही त्यालाच. मेला दिवसभर सांगत बसायचा, "आज फणस खाल्ला. बरा होता. आता दुसरा फोडतोय." पण जंगलात एवढं बोलणं पूर्वी कधी झालं नव्हतं! पंतांना शाल मिळाली.

लांब माळावर टिटवी राहायची. तिची पिल्लं अजून उडत नव्हती. ती पंतांकडे आली.

"पंत, माझी पाळी कधी?"

"आवाज सुधारला की."

"त्याला मध लागतो हो."

"मध आवाज सुधारलेल्यांना."

"अहो, मग सुधारायचा कसा?"

"बाई, धोरणात भावना आणू नका."

एके दुपारी माळावरचं गवत पेटलं. पिल्लांना सोडून टिटवी जाणार कुठे? त्यांच्यावर पंख पसरून तिनं हत्तींना हाका मारल्या, घसा फाटेपर्यंत.

नदीवर म्हाताऱ्या हत्तीनं कान टवकारले. "टिटवी ओरडतेय का गं?"

हत्तीण म्हणाली, "पाळी नाही तिची. गप्प बसा, मला फणसाचं ऐकू द्या."

माळ जळला. पिल्लं जळली. हो, बाळांनो, जळली. गोष्टीत ऐनवेळी कुणीतरी धावून येतं ना? इथे कुणी आलं नाही. मला अजून संताप येतो.

संध्याकाळी आग कड्याखाली पोचली. हुप्प्याच्या शेपटीला चटका बसला.

"आग! आग! मेलो!"

एका हाकेत सगळे हत्ती धावले. सोंडांनी पाणी मारून त्यांनी आग विझवली.

दुसऱ्या दिवशी दरबारात हुप्प्याला 'जंगलरक्षक' पदवी मिळाली. टिटवी कोपऱ्यात उभी होती. पंखांवरची राख तिनं झटकली नव्हती.

महाराजांनी विचारलं, "पंत, व्यवस्थेत काही उणीव राहिली का?"

"छे, महाराज! माळावरचे बारीक आवाज गेले. त्यामुळे जंगलाच्या आवाजाची सरासरी वाढलीय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टिटवीनं चोच उघडली, पण तेवढ्यात हुप्प्या आभाराचं भाषण करायला उठला.

तात्पर्य : आग विझावी असं वाटत असेल, तर ती आधी मोठ्या आवाजाच्या शेपटीला लागेल, एवढं बघावं.