आईसाठी बंद ठेवलेली लिफ्ट

माणसाला कामाला कसं लावायचं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. ते मीच लोकांना शिकवतो. आमच्या कंपनीचा प्रशिक्षण विभाग म्हणजे मी आणि एक प्रोजेक्टर. खुर्चीला चिकटलेल्या माणसांना उठवून उभं करण्यात माझा हातखंडा आहे, असं मी स्वतःच माझ्या व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतलंय. तेव्हा घरातल्या एका खुर्चीतून एका आईला उठवणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

आई निवृत्त मुख्याध्यापिका. अख्खी शाळा तिने नुसत्या नजरेवर चालवली. पण गेले काही महिने ती खिडकीजवळच्या खुर्चीतून हलेनाशी झाली होती. भाजी मी आणायचो, वाचनालयातली पुस्तकं बायको बदलायची, आणि टेबलावरचा चष्मा उचलून द्यायला आम्ही दोघंही धावायचो. सेवेत कसर म्हणून नव्हती. डॉक्टर म्हणाले, "पाय ठणठणीत आहेत. पण वापरले नाहीत तर चालणं विसरतील."

ही बातमी ताईपर्यंत पोहोचली. ताई माझी थोरली बहीण, म्हणजे आमच्या घराचं वरचं कोर्ट. तिथे अपील नाही.

"रविवारी येते," ती फोनवर म्हणाली. "तेव्हाही आई खुर्चीतच दिसली तर सरळ माझ्याकडे घेऊन जाणार. दिवसभराची बाई बघून ठेवलीये. पलंगाला कठडेही लावून घेतलेत."

"कठडे कशाला, ताई?"

"पडली तर?"

आई समोरच बसून ऐकत होती.  त्या दिवशी तिच्या मांडीवरच्या पुस्तकाचं पान एकदाही उलटलं गेलं नाही. मला गलबलून आलं. आईशिवायचं घर मला नको होतं, आणि आईला ते कठडे.

मग मी डोकं चालवलं. 'व्यायाम कर' म्हटल्यावर कोणीही व्यायाम करत नाही. माणसासमोर आव्हान ठेवावं लागतं. आमचं घर पाचव्या मजल्यावर. लिफ्ट बंद झाली की जिना उरतो, आणि जिना दिसला की आईतली मुख्याध्यापिका जागी होणार.

"लिफ्ट बंद झाल्यावर त्या खाली उतरतीलच कशाला?" बायको म्हणाली. "उलट आणखी घरी बसतील."

"तुला मानसशास्त्र कळत नाही," मी तिला समजावलं.

लिफ्टला हात लावायची गरजच नव्हती. दोन पुठ्ठे घेतले, जाड पेनने 'लिफ्ट बंद आहे' असं लिहिलं, आणि एक तळमजल्यावर, एक पाचव्या मजल्यावर लटकवला. पाटी असली की माणूस बटण दाबून बघत नाही, आणि बाकीच्या मजल्यांवर बातमी तोंडोतोंडी पोचते. एवढा मोठा शोध इतक्या स्वस्तात लागल्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटली.

त्याच संध्याकाळी घरी आलो तर टेबलावर ताजी भाजी!

"आई, तू खाली गेली होतीस?"

"हो."

"एकटी?"

"भाजीवाल्याकडे जायला सोबत लागते का?"

"दम नाही लागला?"

"दम कशाला लागेल?"

मी ताबडतोब ताईला फोन लावला. "पाच मजले! या वयात! आणि कपाळावर घामाचा थेंब नाही!" दुसऱ्या दिवशी आई वाचनालयात गेली. तिसऱ्या दिवशी बागेत दोन फेऱ्या मारून आली. नवे बूटही घेतले, तेही रंगीत. कंपनीत मी 'पर्याय काढून घ्या, माणूस घडवा' या विषयावर भाषण ठोकलं.

आता माझी हालत सांगतो. ज्याने पाटी लावली त्याला लिफ्टने जाता येत नाही. जिन्यात सदानकदा कोणीतरी धापा टाकत उभं असायचं. सहाव्या मजल्यावर आमच्या इमारतीचे चिटणीस राहतात. हा धिप्पाड गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर कठड्याला मिठी मारून मला म्हणाला, "लिफ्ट कंपनीला खजिनदारांनी कळवलं असेल ना?" खजिनदार दुसऱ्या मजल्यावर भेटले. ते म्हणाले, "चिटणीसांनी कळवलं असेलच." मी दोघांकडेही मान डोलावली.

गुपचूप पाट्या काढाव्यात असं माझ्या मनात येत होतं, तोवर चिटणीसांनी कार्यक्षमता दाखवली. माझ्या पाटीच्या प्रती काढून, त्यांना प्लास्टिक चढवून, त्या प्रत्येक मजल्यावर स्क्रूने पक्क्या बसवल्या.

त्यात व्यायामाची सायकल आली. ती मी आईसाठी आधीच मागवून ठेवली होती. घरात बसून मारायची, लोखंडी, भरभक्कम. पोचवायला आलेल्या माणसांनी पाटी वाचली, खोकं तळमजल्यावर ठेवलं आणि पळ काढला. शेवटी मी ते पाठीवर घेतलं. चौथ्या मजल्यावर माझ्या उजव्या गुडघ्यातून कट् असा आवाज आला. वरून आई वाकून बघत होती.

"एकटाच निघालास?" ती म्हणाली. "जपून हं."

रविवार उजाडला. ताई आली ती एक मोठी रिकामी बॅग घेऊन. गुडघ्याला पट्टी बांधून मी तिला घ्यायला खाली उतरलो. चढताना वाटेत चिटणीस सापडले. तिघं मिळून प्रत्येक मजल्यावर विसावा घेत, एकमेकांना धीर देत पाचव्या मजल्यावर पोचलो. ताईला बोलायचं होतं, पण श्वास पुरत नव्हता. तिच्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ असावी.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. आतून रंगीत बूट घातलेली आई बाहेर आली. तिच्या मागून भाजीची पिशवी घेऊन माझी बायको! तिलाही आठवडाभर दम लागलेला नव्हता, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

"लिफ्ट सुरू झाली?" चिटणीसांनी विचारलं.

"बंद कधी होती?" आई म्हणाली.

"पण ही पाटी..."

"पाटीवरचं अक्षर याचं आहे." आईने माझ्याकडे बोट केलं. "शाळेत असताना हा माझ्या नावाने पोटदुखीच्या चिठ्ठ्या लिहायचा. तेव्हापासून याने काही लिहिलं की मी तपासून बघते. बटण दाबलं, लिफ्ट आली."

चिटणीस माझ्याकडे वळले. त्या चेहऱ्याचं वर्णन मी इथे करणार नाही.

"मग तू सांगितलं का नाहीस?" मी कसंबसं विचारलं.

"का सांगू? आधी लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं की चार जण विचारायचे. एकट्याच निघालात? जपून हं. मुलगा नाही का घरी? कोणीतरी कोपर धरायचं. तेवढं ऐकायचं तर घरी बसलेलं काय वाईट? आणि घरी तुम्ही दोघं मला चष्मासुद्धा उचलू देत नव्हता. हा आठवडा रिकामी लिफ्ट, आणि कोणी काही विचारणारं नाही. मी खूप फिरले." मग ताईकडे वळून तिने विचारलं, "ही बॅग कोणासाठी?"

ताई पायरीवर बसली होती. "तुझ्यासाठी आणली होती," ती पुटपुटली.

"मग याचे कपडे भर त्यात. याला पायऱ्या चढवत नाहीत, आणि तुझ्याकडे कठडे आहेत."

त्या रात्री बॅग रिकामीच परत गेली, ताईसकट, लिफ्टने. आईची खुर्ची सध्या माझ्याकडे आहे, गुडघा बरा होईपर्यंत. सायकलही डॉक्टरांनी मलाच मारायला सांगितलीये. चष्मा मला माझा मीच उठून घ्यावा लागतो.

जुन्या पाट्या निघाल्या. त्यांच्या जागी प्रत्येक मजल्यावर प्लास्टिक चढवलेली नवी पाटी आहे: 'लिफ्ट चालू आहे. पाचव्या मजल्यावरच्या चिरंजीवांसाठी बंद.'

बटण दाबलं तर लिफ्ट येईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण अक्षर आईचं आहे. मी मुकाट्याने जिन्याकडे वळतो.