आधी पिशवी, मग आम्ही

परदेशात भाड्याची गाडी घ्यायची की रेल्वेने फिरायचं, हा प्रश्न मी कर्जतमध्ये बसूनच निकालात काढला होता. मी नगरला पदार्थविज्ञान शिकवते. पुराव्याशिवाय बोलायची सवय नाही. स्वित्झर्लंडची रेल्वे वेळेवर येते, वेळेवर सुटते, आणि ती माझा नवरा चालवत नाही. आणखी काय पुरावा हवा!

नवऱ्याला, म्हणजे सम्राटला, तो पटला नाही. "ज्यानं कर्जत-नगर रस्त्यावर गाडी चालवली, त्याला आल्प्स म्हणजे काय गं?" त्याने तिकडे चालणारा वाहन परवाना काढून वरच्या खिशात ठेवला होता, आणि नवी अंगठी घातलेल्या माणसासारखा तो सारखा तिथे चाचपत असे.

शेवटी तह झाला. पहिला प्रवास रेल्वेने. त्यात काही बिनसलं, तर उरलेली सगळी सहल त्याच्या गाडीतून. माझ्या सासूबाई चांगुणाबाई बरोबर होत्या. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या, निम्मं आयुष्य जीपमध्ये दाटीवाटीने काढलेल्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की बसायला मिळालं पाहिजे, गुडघे लई दुखत्यात.

हे मी मनावर घेतलं. घोळ तिथे झाला.

आमच्या कर्जतच्या स्टँडवर एसटी थांबायच्या आतच खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आत गेलेली असते. ज्याची वस्तू त्याची जागा! हा नियम न्यूटनच्या नियमांपेक्षा कडक आहे, आणि मी तो रोज पाळते. लुसर्नच्या फलाटावर इंटरलाकेनची गाडी लागली, दार उघडलं, आणि माझे पाय आपोआप धावले. खिडकीजवळच्या सीटवर पिशवी ठेवली, आणि फलाटावर बॅगांपाशी सम्राटबरोबर थांबलेल्या सासूबाईंना आणायला खाली उतरले.

मागे दार बंद झालं.

घंटी नाही, आरडाओरडा नाही. गाडी मांजरासारखी निघाली. एसटी असती तर पत्र्यावर थापा मारून थांबवली असती. मी थापा मारल्याही. स्वित्झर्लंडचा पत्रा जाड आहे.

पिशवीत आमचे रेल्वेचे पास होते, मी हौसेने लॅमिनेट केलेले. आणि सासूबाईंच्या रक्तदाबाच्या सगळ्या गोळ्या.

सासूबाई म्हणाल्या, "आगं भारती, पिशवी टाकली की मागनं आपुन बी चढायचं आस्तं. पिशवीला एकटीला धाडीत न्हाईत."

सम्राटने खिसा चाचपला.

चौकशीच्या खिडकीतल्या बाई फार सभ्य. त्यांनी पुढे फोन केला. पिशवी इंटरलाकेनला उतरवून घेतील म्हणाल्या. पण पिशवी आत का ठेवली, हे त्यांना कळेना. जागा धरायला, असं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "कोणापासून?"

डबा रिकामा होता.

पास नाहीत, म्हणून तहाप्रमाणे सम्राटने भाड्याची गाडी घेतली. तिथे स्टिअरिंग डावीकडे, आणि इंडिकेटरच्या दांडीच्या जागी वायपरची दांडी. प्रत्येक वळणावर कडक उन्हात आमचे वायपर नाचू लागले. सासूबाईंना वाटलं तिकडची रीतच असेल. लोकं लई स्वच्छ हायेत, म्हणाल्या. एका गोल चौकातून बाहेर पडायचा रस्ताच सापडेना. तेच कारंजं, तेच कुत्रं, बाकावरचा तोच म्हातारा. शेवटी म्हातारा ओळखीचं हसायला लागला.

"मी सांगू का?" मी विचारलं.

"नको सांगूस," सम्राट म्हणाला, आणि वायपर लावले.

इंटरलाकेनला पोचलो तेव्हा आमची पिशवी स्टेशनच्या कार्यालयात खुर्चीवर ऐसपैस बसली होती. तिथल्या माणसाने अभिमानाने सांगितलं, की गाडी अगदी वेळेवर आली. मग काळजीने विचारलं, तुम्हाला वाटेत काही त्रास झाला का?

सासूबाईंनी आधी गोळी घेतली. मग निकाल दिला. "पिशवी नीट बसून आली, आमीच हाल करून आलो. उद्यापास्नं रेल्वे. पन पिशवी माज्या मांडीवर."

"अगं आई, बिनसलं तर गाडी, असं ठरलं होतं!"

"रेल्वेचं काय बिनसलं?" मी म्हणाले. "वेळेवर सुटली, वेळेवर पोचली. आपण तिच्यात नव्हतो, हा दोष तिचा नाही."

सम्राटने गाडीची किल्ली परत केली. परत करायला जाताना शेवटचे वायपर लावले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं फलाटावर उभे. पिशवी सासूबाईंच्या काखेत. गाडी आली, दार उघडलं. माझ्या हातात फक्त रुमाल होता, तो आत गेलाच. पण या खेपेला मागोमाग आम्हीही चढलो, आणि सासूबाईंना खिडकी मिळाली.

डबा रिकामा होता, त्याला मी काय करू?