हृदयाला कोणी हसेना

'हसरं विज्ञान परिवार' या व्हॉट्सॲप गटावर टाकलेल्या माहितीला दिवेलागणीपर्यंत एकही हसरा चेहरा मिळाला नाही, तर ती गोष्ट निसर्गातून रद्द होत असे. का, ते कुणी विचारत नव्हतं. सोसायटीत दुपारी पंप लावायचा नाही असा नियम असतो ना, तसाच हा.

आणि नियम कडक होता, बरं का. गौरी जेवायच्या दिवशी कुणीतरी पालीची माहिती टाकली होती, की पालीच्या पायाला डिंक नसतो, काही नसतं, तरी ती छताला चिकटते. बायका पुरणात, पुरुष पंगतीत, हसायला वेळ कुणाला होता? दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी पाली पटापट खाली पडल्या. तेव्हापासून त्या जमिनीवरूनच चालतात आणि लोक जपून पाय टाकतात. पोस्ट मागे घेतली, तर गोष्ट तिथल्या तिथे रद्द व्हायची. स्वतःच्या पोस्टला स्वतः हसलेलं मोजलं जात नसे.

त्यामुळे तेव्हापासून सगळी भिस्त भिंगार्डे सरांवर. सर सांगलीला विश्रामबागेत राहायचे, भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. कुणी गोगलगाईच्या दातांवर लिहो, कुणी शनीच्या कड्यांवर, उजाडता उजाडता सरांचा हसरा चेहरा पोस्टखाली हजर असायचा. विनोद अगदी फुसका असला तरी हजर. सर आहेत म्हणून बाकीचे निवांत होते.

मिरजेच्या रोहिणीबाई तगारे यांनी त्या दिवशी सकाळी दूध तापेपर्यंत पोस्ट लिहून टाकली. मुलींच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं, विषय पाठच होता. "हृदय छातीतून बाहेर काढलं तरी थोडा वेळ धडधडत राहतं, कारण त्याला लागणारी वीज ते स्वतःच तयार करतं. म्हणूनच लोडशेडिंगमध्येसुद्धा माणसं प्रेमात पडतात." बाई स्वतःवरच खूश झाल्या, फोन फ्रिजवर ठेवला आणि दूध उतरवलं.

थोड्या वेळात फोन थरथरायला लागला तो थांबेचना. बाईंना वाटलं, जमला आपला विनोद. पदर खोचत त्यांनी फोन हातात घेतला. गटाचे प्रमुख मुकुंदराव चौगुले यांनी कळवलं होतं, की परिवाराचे ज्येष्ठ सदस्य यशवंत भिंगार्डे सर यांचं पहाटे हृदयविकाराने निधन झालं. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. आणि त्या बातमीच्या बरोब्बर वर बाईंची पोस्ट. तिला एकाने रडका चेहरा दिला होता आणि दुसऱ्याने लिहिलं होतं, "निदान आज तरी वेळकाळ पाहावा."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. आधी त्यांना लाज वाटली, मग सरांचं वाईट वाटलं, आणि मग एकदम नियम आठवला. गेलेल्या माणसाच्या बातमीशेजारी आज या गटावर हसणार कोण? आणि कोणी हसलं नाही, तर दिवेलागणीला काय रद्द होणार?

गॅलरीत अनंतराव, म्हणजे त्यांचे यजमान, मटार सोलत बसले होते. अनंतरावांच्या हृदयात आधीच एक स्टेंट होता. बाईंनी जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"काय गं, आज हात बित धरतेस? लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी धरला नाहीस."

बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. अनंतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हातातली शेंग सोलून पुरी केली.

"म्हणजे दिवेलागणीला बंद?"

"सगळ्यांचीच."

"मग मटार उसळीचा बेत दुपारीच उरकून घे," ते म्हणाले. पण त्यांचा आवाज जरा बसला होता, आणि ते बाईंना कळलं.

बाईंनी पहिला फोन केला डॉक्टर सुहास आरवाडे यांना. ते गटाचे सदस्य होते, आणि अनंतरावांचं हृदय त्यांनीच दुरुस्त केलं होतं. हृदयाची किंमत त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

"वहिनी, तुमचं म्हणणं अगदी योग्य आहे," डॉक्टर म्हणाले. "हृदय बंद पडणं प्रकृतीला चांगलं नाही. पण हसलेल्याचं नाव दिसतं हो तिथे. मी सरांचा उपचार करणारा डॉक्टर. मीच पहिला हसलो, तर लोक काय म्हणतील?"

"लोक उरले तर म्हणतील ना, डॉक्टर."

"तेही खरंच. असं करा, कोणीतरी एक जण हसू दे. मी लगेच मागोमाग हसतो."

बाईंनी फोनवर फोन केले. सगळ्यांना पटत होतं, कोणी वाद घातला नाही, आणि सगळे मागोमाग हसायला एका पायावर तयार होते. तिकडे गटावर हात जोडणं चालूच होतं. जेवणं झाली. अनंतरावांनी उसळ मागून घेऊन पुन्हा खाल्ली. बाईंनी आपलं ताट तसंच झाकून ठेवलं. ऊन गॅलरीतून खाली सरकायला लागलं, तेव्हा मुकुंदराव एकदाचे फोनवर सापडले. ते स्मशानातून येऊन नुकतीच आंघोळ करून बसले होते.

"घरच्यांच्या आधी परिवाराने हसणं रीतीला धरून होणार नाही," मुकुंदराव म्हणाले. पाणीपुरवठा खात्यात त्यांची हयात गेली होती.

"आणि घरचे हसले तर?"

"तर हरकत उरत नाही."

"मग सरांच्याच फोनवरून वहिनींना दाबायला सांगते."

"मयत सदस्याचं हसू ग्राह्य धरता येत नाही. कमलवहिनींना सरांच्या जागी वारस म्हणून घेता येईल. त्यांची संमती आणि नंबर पाठवा. सुतकात सदस्यत्व देता येतं का, तेवढं मी पाहून ठेवतो."

"मुकुंदराव, दिवस कललाय."

"म्हणून तर तातडीने पाहतो."

बाई रिक्षात बसल्या. रिक्षावाला गाणं गुणगुणत होता, सिग्नलला एक मुलगी आईच्या कडेवर झोपली होती. यांपैकी कुणाला काही माहीत नव्हतं. त्यांनी घरी फोन लावला. अनंतराव म्हणाले, "आहे, आहे अजून."

भिंगार्ड्यांच्या घराबाहेर चपलांचा ढीग होता. आत भिंतीला टेकून कमलवहिनी बसल्या होत्या, भोवती नात्यातल्या बायका. दिवा लावून ठेवलेला. बाई शेजारी टेकल्या. आयुष्यात इतका चमत्कारिक निरोप घेऊन त्या कुणाच्या दारी गेल्या नव्हत्या. शेवटी त्यांनी वहिनींचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. भिंगार्डे सर ज्या अवयवाच्या आजाराने गेले त्याच अवयवावर आपण सकाळी विनोद केला, हेही सांगितलं.

वहिनींनी डोळे पुसले. "वाचा बघू."

बाईंनी वाचलं. बायका टकामका बघायला लागल्या.

"यात हसण्यासारखं काय आहे?" वहिनींनी विचारलं.

बाईंनी समजावून सांगितलं. हृदयाची वीज घरची असते, म्हणून बाहेरची गेली तरी बिघडत नाही, आणि प्रेम म्हणजे हृदयाचं काम, असं आपण मानतो. समजावता समजावता त्यांच्याच लक्षात आलं की विनोद अगदी बेताचा आहे. खिडकीतलं ऊन भिंतीवर पिवळं झालं होतं. समोरच्या घरात कुणीतरी दिव्याचं बटण चाचपत होतं, असा बाईंना भास झाला.

"आमच्या गावात वीजच नव्हती," वहिनी मधेच म्हणाल्या. "हे मला बघायला आले ते कंदिलात. तो पण सारखा फडफडत होता. घरी जाऊन आईला म्हणाले, मुलगी पसंत आहे, पण उजेडात ओळखेन की नाही ते सांगता यायचं नाही."

आणि त्या हसल्या. चटकन पदर तोंडाला लावला, पण हसू बाहेर पडलं ते पडलंच. कोपऱ्यातल्या आत्याबाईंनी मान वळवली. वहिनी हसताना पुन्हा रडायला लागल्या आणि बाईंनाही रडू आलं.

"तुमचा फोन द्या वहिनी," बाई डोळे न पुसताच म्हणाल्या.

बाईंनी संमती आणि नंबर पाठवला, तसा मुकुंदरावांचा निरोप आला, की सुतकात सदस्यत्व देऊ नये असं कुठेही म्हटलेलं नाही. कमल भिंगार्डे हे नाव गटावर आलं. नव्या सदस्याला जुनी पोस्ट दिसेना, तेव्हा बाईंनी तीच पुन्हा पुढे टाकली. वहिनींनी चष्मा लावला, योग्य तो चेहरा शोधला आणि अंगठा दाबला. त्याच्या मागोमाग डॉक्टर आरवाडे हसले, मग एकामागून एक सगळा परिवार हसला. समोरच्या घरात दिवा लागला.

बाईंनी घरी फोन लावला. वाजत राहिला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला.

"अगं, नळाला पाणी आलं होतं," अनंतराव म्हणाले.

बाई निघायला उठल्या, तेव्हा वहिनी त्यांना दारापर्यंत पोचवायला आल्या. आत्याबाई नको म्हणत होत्या तरी आल्या.

"तुम्हाला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या, "ह्यांना विनोद कधी कळलाच नाही. तोंडात ब्रश धरून एकेक चेहरा दाबत बसायचे, तेव्हा चेहरा कसा, पेपर तपासत असल्यासारखा. मी म्हणायची, हसू येत नाही तर कशाला दाबता? तर म्हणायचे, राहू दे गं, कुणाचं तरी काहीतरी बंद पडायचं."

रात्रभर बाईंना नीट झोप लागली नाही. आज निभावलं, पण उद्या काय? सगळे मागोमाग हसणारे. उजाडलं तशी त्यांनी भीत भीत गट उघडला. इचलकरंजीच्या कुणीतरी लिहिलं होतं, की फुलपाखराला चव पायाने कळते, म्हणून ते कधी चप्पल घालत नाही.

खाली हसरा चेहरा आधीच हजर होता. कमल भिंगार्डे. आणि त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, "मला कळलं नाही. पण राहू दे."

बाईंनी फोन फ्रिजवर ठेवला आणि दूध तापत ठेवलं.