ओव्हाळ नानांची सावलीतली बाग

ओव्हाळ नानांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी खराट्याची एक काडी असते. कुठेही कुंडी दिसली की नाना ती काडी मातीत तळापर्यंत खुपसतात, बाहेर काढतात आणि गालाला लावून बघतात. काडी गार लागली तर कुंडीच्या मालकाकडे असं बघतात, की त्याने जणू लेकराला उपाशी मारलंय. खरं तर उलट असतं. त्याने पाणी जास्त घातलेलं असतं. एका लग्नात त्यांनी स्टेजवर चढून नवरानवरीच्या मागच्या कुंड्या तपासल्या होत्या आणि फोटोग्राफर ताटकळत उभा होता.

"कळ काढा," हे त्यांचं आवडतं वाक्य. चहा उकळायला वेळ लागला, एसटी आली नाही, तहसिलीत दाखला मिळाला नाही, सगळ्यावर औषध एकच. मी केजच्या तहसिलीत लिपिक असल्यामुळे हे वाक्य माझ्या वाट्याला जरा जास्तच येतं.

नाना सहकारी साखर कारखान्यात चिटबॉय होते. म्हणजे शेतोशेत फिरून उसाची नोंद घ्यायची आणि ऊसतोडीची चिठ्ठी द्यायची. सबंध नोकरी उसात गेली. आणि ऊस म्हणजे कितीही पाणी पाजा, ढेकर न देणारं पीक. निवृत्त झाल्यावर नानांनी बाग केली ती मात्र पाण्याचं नाव न काढणाऱ्या झाडांची, आणि तीसुद्धा सावलीत.

आम्हा दोघांची घरं एकाच गृहनिर्माण संस्थेत. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले तेव्हा नानांच्या वाट्याला संस्थेच्या पाण्याच्या टाकीला खेटून असलेला प्लॉट आला. त्यांच्या घराची उत्तरेची भिंत आणि टाकी यांच्यामध्ये सहा हात रुंदीची एक बोळ उरली. तिथे ऊन कधी येतच नाही. आम्ही तिथे मोडक्या सायकली टाकल्या असत्या. नानांनी तिथे साठ-सत्तर झाडं बसवली. फुटके माठ, तेलाचे डबे, जुनी कढई, ट्रॅक्टरच्या दिव्याची वाटी, जे सापडेल त्यात. तळाला भोक, त्यावर विटांचे तुकडे, वर वाळू आणि चिमूटभर माती.

मला चौकशीची वाईट खोड आहे. मी रोज त्या बोळीत डोकवायचो आणि नाना मला शिकवायचे. सावली ही एकच गोष्ट असते असं मला वाटायचं. नानांच्या मते तसं समजणं अडाणीपणाचं होतं. लिंबाची सावली चाळणीची, तिच्यातून ऊन गळतं, तिथे कोरफड राहते. भिंतीची सावली घोंगडीची, तिथे पानफुटी चालते. पत्र्याखालची सावली ही सावलीच नव्हे, ती भट्टी. ते खडूने जमिनीवर उजेडाची हद्द आखायचे आणि तारीख लिहायचे. एखादं झाड उजेडाकडे मान लांबवू लागलं की त्याचा डबा वीतभर सरकवायचे. "त्याला वाकून बघावं लागलं, ही चूक त्याची न्हाई भाऊसाहेब, आपली हाय," असं त्यांचं म्हणणं.

नावंही त्यांनी आपली आपणच ठेवली होती. बोटभर उंचीचं, जाड पानांचं, पांढऱ्या ठिपक्यांचं एक झाड होतं. उन्हात ठेवलं की ते लाल व्हायचं आणि सावलीत मजेत राहायचं. त्याचं नाव मुकादम. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम दिवसभर झाडाखाली बसतो, म्हणून. या मुकादमांची पिल्लं वेगळी करून नानांनी त्यांची एक ओळच लावली होती.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. ऊस नाही म्हणून कारखान्याचं धुराडं पेटलं नाही. माजलगावचं धरण बघून आलेले लोक तिथे चिखलाला भेगा पडल्याचं सांगायचे. आमच्याकडे आठ दिवसांनी टँकर यायचा, थोडं पाणी संस्थेच्या टाकीत राखून ठेवायचं आणि घरटी दोन पिपं मिळायची. कॉलनीतले गुलाब गेले, जास्वंद गेली, माझी तुळस काडी झाली. हिरवं राहिलं ते फक्त नानांच्या बोळीत. आणि ती बोळ होती टाकीला खेटून.

लोकांनी दोन अधिक दोन करून पाच काढले. संस्थेची मीटिंग बोलावली गेली. विषय, टाकीच्या पाण्याची गळती. नाव कुणी घेतलं नाही, पण सगळे नानांकडे बघत होते. नाना उठले, घरी गेले आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घेऊन आले. ते टेबलावर ठेवून त्यांनी सांगितलं की पंधरा दिवसांतून एकदा, झाडागणिक एवढंच पाणी देतो, आणि तेही तोंड धुतलेलं. मग सगळ्यांना बोळीत नेलं. संस्थेच्या चेअरमनने स्वतः काडी खुपसून गालाला लावली. ती कोरडीठाक होती. चेअरमन बराच वेळ काडीकडेच बघत राहिले, कारण वर बघायची सोय नव्हती.

त्यानंतर महिन्याभरात नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू होता. अंबाजोगाईला लेक दिलेली, तिच्याकडे पंधरा दिवस राहायचं होतं. मावशी, म्हणजे नानांच्या पत्नी कौसाबाई, मागे राहिल्या. त्यांची पाठ वाकलेली आहे, एसटीचे धक्के सोसत नाहीत, आणि टँकर आला तर घरी कुणी हवंच. जाताना नानांनी मला तीनतीनदा बजावलं, झाडांना काहीही करायचं नाही. मी मान डोलावली.

नाना गेले आणि कॉलनीला मीटिंगची लाज छळू लागली. त्यावर जो तो आपापल्या परीने मार्ग काढू लागला. आमच्याकडे दुष्काळात पाण्यापेक्षा मोठं देणं नाही. चेअरमनच्या बायकोने आपल्या पिपातला एक तांब्या बोळीत ओतला. शेजारच्या मास्तरांनी ओतला. चौदा घरांतून रोज कुणी ना कुणी, गुपचूप, आपल्या तोंडचं पाणी काढून. मावशी नको नको म्हणायच्या. पण नको म्हणणं ही आमच्याकडे घेण्याच्या आधीची रीत असल्यामुळे लोक आणखी एक तांब्या ओतायचे. मीही ओतला. खोटं कशाला बोलू, दोनदा ओतला. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय, आणि प्रत्येकाला तसंच वाटलं होतं.

ऊन नसलेल्या जागेत पाणी वाळत नाही, हे नानांनी मला पन्नास वेळा सांगितलं होतं. दहाव्या दिवशी मुकादमांची पानं काचेसारखी झाली. बाराव्या दिवशी वास सुटला. पंधराव्या दिवशी, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेले नाना जीपमधून उतरले.

आम्ही सगळे बोळीच्या तोंडाशी गुन्हेगारासारखे उभे होतो. नाना आत गेले. एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं म्हणून बोटाने चाचपू लागले. जे झाड धरतील ते हातात लिबलिबीत होऊन यायचं. त्यांनी शेवटच्या डब्यापर्यंत चाचपलं. मग मागे वळून मावशींना विचारलं,

"तू आणलंस का पाणी?"

"न्हाई वो. लोकांनी घातलं."

"एक तांब्या बी न्हाई?"

"न्हाई म्हणते ना."

नाना ओट्यावर टेकले. मग जाऊ द्या म्हणाले, आणि आम्हाला सगळ्यांना चहाला थांबवून घेतलं. त्यांचा चेहरा चक्क हलका दिसत होता. लोकांना ते साधू वाटले. मला मात्र चैन पडेना. सगळे पांगल्यावर मी विचारलंच, की झाडं मेली त्याचं काही नाही, आणि पाणी कुणी आणलं याची एवढी चौकशी का.

नाना सांगू लागले. नोकरीत असताना एका वर्षी गावात अशीच पाणीटंचाई होती आणि ते पाच महिने कारखान्याच्या गाळप हंगामाला गेले होते. घर तेव्हा खेड्यात होतं. निघताना दारात मोगरा लावला होता. उसाच्या ट्रकवाल्याबरोबर ते दर वेळी निरोप धाडायचे, मोगरा जगला का. उलटा निरोप यायचा, जगला. परत आले तेव्हा मोगऱ्याला फुलं होती आणि मावशींची पाठ वाकलेली होती. मोगऱ्यासाठीची वेगळी घागर त्या दोन शेतं ओलांडून विहिरीवरून आणायच्या. एकदा विहिरीच्या पायरीवर पाय घसरला.

"मी मोगऱ्याचं इचारलं, भाऊसाहेब. पाणी कुठून आणती, हे एकदा बी इचारलं न्हाई. त्याच दिशी मोगरा उपटून टाकला. म्हणलं, ज्याच्यापायी हिला वझं वहावं लागंल असं झाड घरात पुन्हा लावायचं न्हाई."

तेवढ्यात दाराला धरून उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या,

"तो मोगरा माझा होता."

नानांनी वळून बघितलं.

"तुमी निरोप धाडला नसता तरी मी घातलंच असतं पाणी. मला आवडायचा. तुमी उपटला तवा मी दोन दिस जेवले न्हाई. तुमाला वाटलं, पाठ दुखती."

"मग सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी इतक्या मायेनं करत होता. कसं सांगू?" मावशींनी पदराने तोंड पुसलं. "आता समदं सडलंच हाय. एक मोगरा लावा. आन् पाणी तुमी आणा."

मी मुकाट्याने चप्पल घातली आणि घरी आलो.

पुढच्या टँकरला पिपांची, घागरींची, हंड्यांची ही रांग लागली होती. तिच्यात डोळ्यावर पट्टी बांधलेले नाना हातात एक तांब्या घेऊन उभे होते. मी म्हणालो, द्या, मी बादली भरून आणून देतो, तुम्हाला वजन उचलायला बंदी आहे. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"बादलीला बंदी हाय. तांब्याला न्हाई."

घराच्या पुढच्या अंगाला, चांगल्या उन्हात, त्यांनी मोगऱ्याचं वीतभर रोप लावलं होतं. मावशी उंबऱ्यावर बसल्या होत्या. नानांनी पहिला तांब्या हळूच ओतला आणि त्यांच्याकडे बघितलं. मावशींनी ओली माती बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अजून एक."

नाना पुन्हा रांगेकडे निघाले.