वत्सलामावशींची कच्ची कहाणी

वत्सलामावशींच्या घरी खोटं बोलल्याशिवाय चहा मिळत नसे. दारातून आत पाऊल टाकलं की हुकूम सुटायचा, "घरातली एक वस्तू, बाजारातला एक माणूस अन् एक खोटं. तिन्हीची गोष्ट कर, मंग बस!"

मी लग्न होऊन आर्वीत नवीन आले होते. घाबरून म्हणाले, "अडकित्ता, कासार... आणि माझ्या सासूबाई माझं कौतुक करतात."

"हे तर लईच खोटं हाये," मावशी खूश होऊन म्हणाल्या, "मंग? कासार काय म्हणे?"

त्यांचं हे ‘मंग’ म्हणजे पाठीत खुपसलेलं बोट. गोष्ट अडली की ते आणखी टोचायचं. मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या, पण पोरी घरी गोष्टीच जास्त आणायच्या. नवऱ्यानं नागपूरला दुसरा संसार थाटलेला. त्याचं नाव काढलं की मावशी म्हणायच्या, "शिळी गोष्ट हाये, नवी सांग."

श्रावणी सोमवारी आम्ही गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे कहाणीला जमत असू. हातात तांदूळ घेऊन नावडत्या राणीची कहाणी ऐकायची, शेवटी राजा तिला न्यायला आला, की हात जोडायचे. मावशींना हे पटत नसे. "मधातून सांगा! तिनं दार नाई उघडलं तर? राजाचा रस्ता चुकला तर?" प्रत्येकीनं आपापला शेवट जोडायचा.

भटजींच्या आई, थोरल्या काकू, फार चिडायच्या. "अगं, देवाची कहाणी बदलत नसतात!"

"जिल्हा पुरा राज्य बदलून राह्यला, काकू. मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात चालला. तुमची नावडतीच काऊन नाई बदलत? देवाले बी दरसाल तेच ऐकून जांभया येत असतीन!"

आणि अशाच एका सोमवारी, आम्ही तांदूळ घेऊन बसलेलो असताना, मावशींचा नवरा दारात उभा राहिला. दुसरी बायको वारली होती. हातात छत्री, मान खाली.

"झालं गेलं इसर," तो म्हणाला. "तुले घ्याले आलो."

"उठ बाई," थोरल्या काकू कुजबुजल्या. "शंकर पावला."

मावशी उठल्या. मला वाटलं, गेल्या आता. त्यांनी पाट मांडला आणि नवऱ्याच्या हातावर चार तांदूळ ठेवले.

"बसा. राजा घ्याले आला, इथपर्यंत साऱ्यायले पाठ हाये. तुमी मधातलं सांगा. इतके वर्षं नावडती काय खात होती? दुखलंखुपलं तर कोणाले सांगत होती?"

"मले काय मालूम?"

"मालूम नसते म्हणूनच तर गोष्ट करा लागते. करा."

तो आमच्याकडे बघू लागला. कोणीही मदतीला गेलं नाही, थोरल्या काकूसुद्धा नाहीत. "राह्यली असन कशीतरी," तो पुटपुटला.

"मंग?"

"मंग काय? राजा आला न."

"कहाणी कच्ची हाये," मावशी म्हणाल्या. "पक्की झाली का येजा."

तो छत्री उचलून निघून गेला. बायकाही एकेक करून उठल्या. दोघींनी जाताना मावशींच्या पाया पडून घेतलं, देवाच्या नव्हे. मला तर त्यांचा असा अभिमान वाटला की गल्लीभर ओरडत सुटावं.

मी मागे थांबले. उपास सोडायला त्यांचं ताट वाढलं. मावशींनी भात कालवला, पण घास काही उचलला नाही.

"सदऱ्याचे दोन बटनं तुटले होते त्याच्या," त्या म्हणाल्या. "पाह्यलं का तू?"

मी पाहिलं नव्हतं.

"लावून देल्ले असते मी," त्यांनी पदरानं डोळे पुसले. "पण गेली मात्र नसती."