काजळीचा उबवणीचा अनुभव

एका जंगलात, बाळांनो, एक कॉलेज होतं. कॉलेज म्हणजे काय? ज्यांना उडता येतं, त्यांना उडायचं कसं हे जिथं फळ्यावर शिकवतात, ती जागा.

तिथं काजळी नावाची तरुण कावळी शिकत होती. तिला एकच ध्यास होता. जंगलाच्या मधोमध उंबरावर सरकारी उबवणी केंद्र होतं. तिथं नोकरी लागली की राहायला स्वतंत्र फांदी मिळे. काजळीच्या घरी सगळं खानदान एकाच फांदीवर. एक शिंकला की दुसरा खाली पडायचा.

पण केंद्राची अट होती : अनुभव हवा.

"सर, नोकरी नाही तर अनुभव कुठून आणू?" काजळीनं प्राचार्य बगळ्यांना विचारलं.

"इंटर्नशिप कर," सर म्हणाले आणि दुसऱ्या पायावर उभे राहिले. एवढ्या मार्गदर्शनानं ते दमले होते.

काजळी थेट कोकिळाबाईंकडे गेली. बाईंचं जंगलात मोठं नाव. गायचे त्यांचे यजमान, पण नाव बाईंचं.

"वा! अशाच होतकरू मुली हव्यात आम्हाला," बाई म्हणाल्या. "घरटं तू बांधायचं. अंडी आमची. अनुभव संपूर्ण तुझा!"

"आणि मानधन?"

"अगं, शिकायला किती मिळेल!"

काजळी आनंदानं नाचली. तिनं घरटं बांधलं, बाईंनी एक अंडं ठेवलं, आणि काजळी बसली. मैत्रिणी नदीच्या घाटावर पिंडाच्या भातावर ताव मारत होत्या. काजळी बसून होती. पोटात कावळे ओरडत होते, आणि ती स्वतःच कावळी असल्यामुळे आवाज दुप्पट येत होता.

शेवटी अंडं फुटलं. पिल्लानं डोळे उघडायच्या आधी चोच उघडली.

"अजून!" ते म्हणालं.

अजून काही दिलेलंच नव्हतं. काजळीला हसू फुटलं. तिनं अळी भरवली. "अजून!" टोळ भरवला. "अजून!" स्वतःचा डबा भरवला. त्या पोरीवर तिचा जीव जडला होता, खोटं कशाला सांगू? मग एके दिवशी पोरगी भुर्रकन उडाली आणि बाईंनी काजळीला प्रमाणपत्राचं पान दिलं. "गुणी मुलगी. बसते छान."

काजळी पान चोचीत धरून उंबरावर मुलाखतीला गेली. समोर नव्या संचालिका बसल्या होत्या.

"अनुभव?" त्यांनी विचारलं.

काजळीनं पान पुढे केलं.

"अजून?"

ती उघडी चोच काजळीनं लाख चोचींत ओळखली असती.

"अगं, मी तुला उबवलं!"

"ते शिक्षणात धरतात. नोकरीचा अनुभव नाही."

"आणि तुला कसला अनुभव आहे गं?"

"मला?" संचालिकाबाई पिसं फुलवत म्हणाल्या, "मला उबवणीचा अगदी अंड्यापासूनचा अनुभव आहे."

काजळी चिडली, रडली, तिनं सात पिढ्यांचे शाप दिले. पण कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही, कोकिळा कशी मरेल?

"रडू नकोस," संचालिका मायेनं म्हणाल्या. "आमच्याकडे इंटर्नची जागा आहे. डबा आणलायस का?"

काजळीनं डबा उघडला. सवयच ती!

तात्पर्य : बाळांनो, घरट्यात वर बसणाऱ्याला अनुभव मिळतो आणि खाली पडून राहणाऱ्याला खुर्ची. तेव्हा शिकत असतानाच नीट ठरवा, आणि जमेल तितके दिवस अंडंच राहा.