डब्यांची नजरानजर

“दोन्ही इमारती मी जोडते! पूलसुद्धा मीच निवडणार!” स्वरूपाने भर मीटिंगमध्ये जाहीर केलं आणि ॲडमिनच्या उद्धवरावांचा चहा बशीत सांडला.

“पूल? अगं, मधून कंटेनर जातात! परवानग्या कोण आणणार?”

“वायरलेस ब्रिज हो, सर! दोन गच्च्यांवर दोन डबे. नेट हवेतून जाणार. खोदकाम नाही, केबल नाही!”

चाकणच्या त्या गिअर कंपनीत स्वरूपा नेटवर्क सांभाळायची. बाळंतपणाची रजा नुकतीच संपली होती आणि तिचा चिकू यार्डापलीकडच्या इमारतीतल्या कंपनीच्या नव्या पाळणाघरात होता. तिथल्या कॅमेऱ्यातलं चित्र आपल्या टेबलावर दिसलं तर नोकरी, नाही तर राजीनामा, असं तिने घरी सांगूनच टाकलं होतं.

तिच्या रावेतच्या आत्याने लग्नाची स्थळं पाहावीत, तसे स्वरूपाने ब्रिज पाहिले. पहिला स्वस्त, पण अख्ख्या चाकणच्या वायफायशी गप्पा मारत बसणारा. दुसरा भलताच वेगवान, पण धो धो पाऊस आला की रुसणारा. तिसरा शांत, कामसू आणि एवढं अंतर सहज झेपणारा. ठरलं!

बसवायला मोशीचा रिझवान आला. पाळणाघराच्या गच्चीवरच्या खांबावर खारीसारखा सरसर चढला. डबा केसभर इकडे, केसभर तिकडे वळवताना त्याचा चेहरा असा, जणू सतारच लावतोय! स्वरूपा खालून कौतुकाने बघत राहिली.

“मॅडम, चीज एक नंबर निवडलीत! आता फक्त यांची एकमेकांना नजर लागली पाहिजे. मध्ये काही आलं की खेळ खलास!”

पाळणाघराच्या चिमाबाई तिथेच दुपटी वाळत घालत होत्या. त्यांचे हात थांबले.

“नजर लागली पायजे?” त्या पुटपुटल्या. कुणी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी चिकू पडद्यावर झळकला. इतका स्पष्ट, की नाकातला शेंबूडसुद्धा चमकत होता! “वा, वा!” उद्धवराव खूश झाले. “उद्या डायरेक्टरसाहेबांना दाखवू. त्यांना आवडलं तर कॅमेरा कायमचा.”

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीत बसले. स्वरूपाने ऐटीत क्लिक केलं. पडदा काळा ठिक्कर!

“बाळ झोपलंय का?” साहेबांनी विचारलं.

स्वरूपाच्या डोळ्यांपुढे एका क्षणात काय काय आलं! चिकू पाळण्यातून पडला, चिकूने बटण गिळलं, चिकूला कुणी पळवलं! ती धावत सुटली. डोक्यावर हेल्मेट, पायांत सेफ्टी शूज, आणि एवढ्या घाईतही पायी चालणाऱ्यांसाठी आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या आतूनच! फोर्कलिफ्टवाले थबकले, वॉचमनने शिट्टी फुंकली.

चिकू मजेत भाताचं शीत स्वतःच्या कपाळाला चिकटवत होता. ती तशीच गच्चीवर चढली. खांबाला शिडी टेकवलेली आणि डब्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं उपडं! काजळीने माखलेलं, वर चुन्याचे डोळे नि विचकलेले दात.

“चिमाबाई! हे काय?”

“तुमचा तो पोरगाच म्हणला न्हवं, नजर लागली पायजे? येवढी लेकरं हायेत हितं! मी जित्ती असताना नजर लागू दीन व्हय?”

“अहो मावशी, ती नजर नव्हे! या डब्याला समोरचा डबा दिसायला हवा, एवढंच!”

“मंग दिसायला पायजे म्हणावं की! लागायला कशापायी?”

इंजिनिअर बाईंनी हसून पातेल्याला हात घातला. एवढी राखण तर तिच्या कॅमेऱ्यालाही जमली नसती! पातेलं उतरलं. पण चिमाबाई हटेनात, म्हणून डब्याच्या कोपऱ्यात काजळाची एक तीट लावायचं ठरलं. तिकडून उद्धवरावांचा फोन आला, “दिसलं, दिसलं! साहेब म्हणतात कॅमेरा ठेवा. पण बाळाच्या कपाळावर ते पांढरं काय आहे?”

तेव्हापासून सिग्नल एकदाही गेलेला नाही. परवा रिझवान तपासणीला आला आणि ऑफिसच्या गच्चीवरून ओरडला, “मॅडम, या डब्यालापण तीट आहे! चिमाबाई इकडे कधी आल्या?”

चिमाबाई इकडे कधीच आल्या नव्हत्या.

स्वरूपाने पर्समधली काजळाची डबी हळूच तळाशी सरकवली. प्लास्टिकला काजळाने काही होत नाही, हे तिने लावण्याआधी तपासून घेतलं होतं!